घरातली जुनी कट्यार: घासायची की तशीच ठेवायची?

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे माळ्यावरची ट्रंक खाली उतरायची. तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक कट्यार. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना आजी म्हणाली, "देवापुढे असलं काळंकुट्ट हत्यार ठेवायचं का रे? जरा उजळ की." मी बसलो बाह्या सरसावून. आधी चिंच, मग राख, आणि तेवढ्याने भागेना म्हणून शेवटी काचपेपर. तासाभरात एक बाजू आरशासारखी झाली. दुसरी बाजू घेणार, तोच मला झेंडूची फुलं आणायला बाजारात पिटाळलं. ती बाजू राहिली ती राहिलीच.

बऱ्याच वर्षांनी धातूच्या जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या एका बाईंना ती कट्यार दाखवली. त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं. न घासलेल्या बाजूला, पात्याच्या मुळाशी, काळसर थरात तांदळाच्या दाण्याएवढ्या पानांची सोन्याची वेल होती. घासलेल्या बाजूला त्याच जागी नुसते बारीक उभे-आडवे चरे, तेही अर्धवट पुसलेले. सोनं धरून राहावं म्हणून कारागिराने पाडलेले. सोनं काचपेपरावर गेलं आणि काचपेपर केरात.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची कट्यार, खंजीर, बिचवा किंवा फौजेतून आलेली संगीन असेल आणि ती 'साफ' करायला हात शिवशिवत असतील, तर आधी हे वाचा. घाई कसलीच नाही. जे शंभर-दोनशे वर्षं टिकलंय ते आणखी महिनाभर सहज थांबेल.

१. हातात काय आहे ते ओळखा

कट्यारीची मूठ तलवारीसारखी नसते. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या. त्या दांड्या मुठीत धरून ठोसा द्यावा तसा वार करायचा. पात्याची अणी बऱ्याचदा मुद्दाम जाड ठेवलेली असते, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. खंजिराचं पातं वाकडं, बिचव्याचं नागमोडी. हे झालं ढोबळ.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घासल्याने कायमच्या जाणाऱ्या तीन गोष्टी पात्यावर आहेत का, ते पाहणं.

पहिली, कोफ्तगारी. लोखंडावर बारीक चरे पाडून त्यात सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात. हा थर इतका पातळ असतो की दाताच्या पावडरीनेही निघतो. चांदी काळी पडते, त्यामुळे ती 'घाण' वाटते आणि पहिली तीच जाते.

दुसरी, पोलादातली लहर. मुशीत वितळवून केलेलं पोलाद ही दख्खनची आणि दक्षिणेची जुनी ख्याती. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून इराणी व्यापारी ते विकत नेत. अशा पात्यावर पाण्यावर वारा फिरावा तशी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. ती धातूच्या आत असते, पण दिसते ती हिराकशीसारख्या (लोखंडाचा एक क्षार) द्रव्याने पृष्ठभाग हलका खाऊन घेतल्यामुळे. पॉलिश केलं की पातं गुळगुळीत होतं आणि लहर दिसेनाशी होते. हिराकस आणून घरी पुन्हा उठवायचा प्रयत्न करू नका. मी पाहिलेल्या एका पात्यावर त्यातून फक्त डाग उठले होते.

तिसरी, अक्षरं. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या अनेक हत्यारांवर ठिपके ठोकून देवनागरीत नोंदी केलेल्या आहेत. त्यातली बरीच हत्यारं १६८९ मध्ये दख्खनमधला आदोणीचा किल्ला पडल्यावर तिकडे गेली. आज जगभरच्या संग्रहालयांत एखादी दख्खनी कट्यार कुठून आली हे कळतं ते या ठिपक्यांवरून. ठिपका असतो टाचणीच्या टोकाएवढा. चार वर्षं दसऱ्याला घासला की गेला.

फौजेतली संगीन असेल तर पात्याच्या मुळाशी शिक्के बघा: मुकुट, महिना-वर्ष, कारखान्याची खूण. पहिल्या महायुद्धात आपल्या पलटणींकडे असलेल्या १९०७ पॅटर्नच्या संगिनीचं पातं १७ इंचांचं. पुढच्या काळातल्या काही संगिनींना कारखान्यातच काळा किंवा निळसर मुलामा दिलेला असायचा. तो काळिमा म्हणजे मूळ रंग आहे, मळ नव्हे.

आणि हो, बाजारात नव्या कट्यारी आम्लात बुडवून जुन्या म्हणून खपवतात. त्यांचा काळेपणा सगळीकडे एकसारखा असतो. खरं जुनं हत्यार एकसारखं नसतं. हाताळलं जाणारं गुळगुळीत, सांध्या-कोपऱ्यांत गडद, पात्यावर म्यान घासल्याच्या लांब रेघा.

२. कागद आधी, कापूस नंतर

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. "न्यू जर्सीच्या दादाला देऊ, तो नीट सांभाळेल" हा बेत विमानतळावर फसतो, आणि वस्तू जाते ती वेगळीच. अशा वस्तूंचा विक्रीचा धंदा करायलाही परवाना लागतो.

दुसरा कायदा १९५९ चा, शस्त्रांचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, संगिनी शस्त्रांत मोडतात. इथेच लोक फसतात. कट्यारीची लांबी कमी भरते म्हणून निर्धास्त राहतात, पण ती मुळाशी रुंद असते. परवाना लागेल की नाही हे तुमच्या भागाला कोणती अधिसूचना लागू आहे त्यावर ठरतं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या. सणासुदीला, निवडणुकीत जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. अशा दिवसांत कट्यार पिशवीत घालून तज्ज्ञाकडे निघू नका.

मूठ हस्तिदंताची असेल तर १९७२ चाच वन्यजीव कायदाही लागतो. मालकीचं प्रमाणपत्र घरात आहे का ते शोधा, आणि विकायचा विचार सोडून द्या.

जवळ ठेवायचे कागद:
- वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याची हाताने लिहिलेली नोंद, तारखेसह
- जुने फोटो, वाटणीपत्र, सनद, पत्रं. हत्याराचा नुसता उल्लेख असला तरी चालेल
- पोलीस ठाण्याच्या अर्जाची पोच
- आजचे फोटो

साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली तेव्हा किती वाद झाला आठवा. त्या वाघनखांची सगळी कथा उभी आहे ती सोबतच्या पेटीवरच्या मजकुरावर आणि साताऱ्याला नेमलेले ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ यांच्या नावावर. लंडनचं संग्रहालयही ती शिवाजी महाराजांचीच असल्याची खात्री देत नाही. तेव्हा तुमच्या कट्यारीसोबत चुलतआजोबांचं एक पोस्टकार्ड असेल, तर ते पात्याइतकंच जपा.

३. फोटो काढा, मगच स्पर्श

खिडकीच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात, दोन्ही बाजू. पट्टी शेजारी ठेवा. मूठ, अणी, म्यानाच्या तोंडाची मोहनाळ आणि टोकाची तहनाळ वेगवेगळी घ्या. मोबाइल पुरतो. बॅटरीचा झोत अगदी आडवा मारला की पुसट अक्षरं उठून दिसतात. एकदा सोन्याची झाक दिसली की माझ्यासारखी चूक होणार नाही.

४. गंज वेगळा, काळिमा वेगळा

सगळं यावर आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की तांबूस गंज चढतो. तो फुगतो, सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात राहतो. हा चालू गंज. दुसरीकडे, वर्षानुवर्षं हाताळलेल्या, तेल लागलेल्या पात्यावर गडद तपकिरी, करडा किंवा काळसर घट्ट थर बसतो. तो धातूला चिकटून असतो आणि पुढच्या गंजाला थोडाफार अडवतोही. संग्राहक याला पॅटिना म्हणतात. पितळेवर तो मधासारखा गडद होतो, तांब्यावर चॉकलेटी. अळवाच्या पानावर पाणी पडावं आणि घोंगडीवर पाणी पडावं, एवढा फरक या दोन थरांत आहे.

ओळखायची रीत सोपी आहे. पात्यावरून पांढरं कोरडं सुती फडकं हलक्या हाताने फिरवा. नारिंगी भुकटी लागली तर गंज चालू आहे. फडकं स्वच्छ राहिलं किंवा नुसती काळपट झाक आली तर थर स्थिर आहे. शंका असेल तर कट्यार पांढऱ्या कागदावर ठेवून कपाटात टाका आणि महिन्याने कागद बघा. खाली नारिंगी कण पडलेले असतील तर ते आत काम चालू असल्याचं लक्षण. नखाने चाचपून पाहा: गंज खरखरीत, उंचवट्याचा, पापुद्रे निघणारा, काळिमा गुळगुळीत.

तिसरा प्रकार कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत जास्त. पात्यावर पावसाळ्यात बारीक ओलसर थेंब दिसतात, घाम फुटावा तसे, आणि सुकले की त्यांच्या जागी पोकळ फोड. खाऱ्या हवेतलं मीठ धातूत मुरल्याचं हे लक्षण. हे घरगुती काम नाही. वस्तू कोरडी ठेवा आणि थेट तज्ज्ञाकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. आधी फोटो पाठवून विचारा.

पितळी भागावर हिरवट, चिकट काही दिसलं तर तो कळंक. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तोच. म्यानाच्या चामड्याला पितळ लागून असलं की हमखास होतो.

५. "पण पूर्वी ती चकचकीतच असायची ना?"

हा प्रश्न काकांनी मला विचारला होता, आणि प्रश्न बरोबर आहे. वापरातलं हत्यार लखलखीत ठेवायचे. त्यासाठी शिकलगार होते. गंज काढायचा, धार लावायची, झिलई द्यायची हा त्यांचा पिढीजात धंदा. मग आपणही तेच केलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते असं. प्रत्येक झिलईत थोडा धातू जातो. शिकलगाराला उद्याच्या लढाईसाठी हत्यार तयार ठेवायचं होतं. आपल्याला कुठे लढाईला जायचंय? दुसरं, त्याचा हात. कडा गोल होऊ न देता, मधली शीर जागेवर ठेवून तो काम करायचा. आज बफिंगच्या मशिनवर दिलेल्या पात्याच्या कडा साबणाच्या वडीसारख्या होतात, आणि पन्हळीच्या, म्हणजे पात्यातल्या खोलगट चरीच्या, धारदार रेषा वितळल्यागत दिसतात. एका ओळखीच्यांनी भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे कट्यार दिली. परत आली तेव्हा मुठीच्या पट्ट्यांवरची फुलं ओळखू येत नव्हती. बिचाऱ्याने पैसेही वीसच कमी घेतले.

जपानी लोक याबाबत बारकाईने वागतात. पातं कसबी माणसाकडून उजळून घेतात, पण मुठीच्या आत जाणाऱ्या दांड्याचा गंज कधीच काढत नाहीत, कारण त्या गंजाच्या रंगावरून तलवारीचं वय सांगता येतं. तो घासलेली तलवार जाणकार बाजूला सारतो.

माझं मत सरळ आहे: चालू गंज थांबवायचा, काळिमा ठेवायचा. विक्रीचा विचार असेल तरीही हेच. जाणकार घेणारा घासलेल्या हत्याराला कमी भाव देतो, कारण नवं असल्याचा संशय येतो. एकच अपवाद मानतो. कुणी आधीच तेलकट रंग किंवा चमकीचा वॉर्निश फासला असेल तर तो तज्ज्ञाकडून काढून घ्यावा, कारण त्याखाली ओल अडकून गंज वाढतो.

६. फक्त गंज काढायची रीत

सामान:
- नायट्राइलचे हातमोजे (सुती मोज्यातून पातं निसटतं)
- भिंग, दहापट असेल तर उत्तम
- बांबूच्या काड्या, टोक चपटं तासलेल्या. दात कोरायच्या काड्याही चालतात
- मऊ रंगाचा ब्रश, जुने सुती कपडे
- शिलाई मशीनचं हलकं तेल
- व्हाइट स्पिरिट (रंगात घालतात ते मिनरल टर्पेंटाइन), तेल पुसायला
- वस्तुसंग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण (रेनेसान्स वॅक्स या नावाने मिळतं)

आधी कोरड्या ब्रशने धूळ झटका. मग गंजाच्या ठिपक्यावर, फक्त ठिपक्यावर, तेलाचा एक थेंब. झाकून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी बांबूच्या काडीने तिरपं, हलकं खरवडा. भिंगातून बघत राहा. नारिंगी पावडर निघेल, खाली गडद तपकिरी थर लागेल. तिथे थांबा. चकचकीत लोखंड दिसायला लागलं म्हणजे तुम्ही एक पायरी पुढे गेलात. फडक्याने टिपा, पुन्हा थेंब, पुन्हा उद्या. आमच्या कट्यारीच्या काळ्या बाजूवरचे अकरा ठिपके काढायला मला रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं असे जवळपास तीन आठवडे लागले.

कोफ्तगारीच्या आजूबाजूला काडीसुद्धा नको. तिथे तेलात भिजवलेल्या कापसाचं नुसतं टिपणं.

हे मात्र करू नका:

चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर. आम्ल गंजासोबत काळिमाही खातं आणि खड्ड्यांत अडकून नंतर काम करत राहतं. राख, वाळू, भांड्याची पावडर, काचपेपर यांनी ओरखडे उठतात. पितळी तारेचा ब्रश लोखंडावर पिवळसर झाक सोडतो. बाजारातलं गंज काढायचं द्रावण पातं मळकट राखाडी करून टाकतं. मोबाइलवर दिसतो तो बॅटरी चार्जर आणि खाण्याच्या सोड्याचा प्रयोग कोफ्तगारीचा निकाल लावतो. गरम पाण्यात तर बुडवूच नका. अनेक तलवारी-खंजिरांच्या मुठी आत लाख ओतून बसवलेल्या असतात. लाख मऊ झाली की मूठ हातात आणि पातं बादलीत.

७. मूठ आणि म्यान

लाकडी म्यानावरची मखमल कितीही मळकी असो, धुऊ नका. मऊ ब्रशने झटका, बस. चामड्याला बूट पॉलिश नको. पितळेवरचा कळंक बांबूच्या काडीने कोरडाच खरवडा.

कट्यार म्यानात ठेवायची नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं पात्यावर येतात. म्यान शेजारी वेगळं ठेवा.

८. मेण, आणि कपाटातली जागा

गंज निघाल्यावर व्हाइट स्पिरिटने तेल पुसा. लाख आणि मखमल सांभाळून. पातं पूर्ण सुकू द्या. मग बोटाभर फडक्यावर मुगाएवढं मेण घेऊन पातळ थर द्या, दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसा. वर्षातून एकदा पुरे. खोबरेल किंवा गोडंतेल लावायची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते खवट होऊन चिकट पिवळा थर बनतो. आमच्या कट्यारीचा निम्मा 'काळेपणा' तोच होता, हेही कबूल केलं पाहिजे. तो स्पिरिटने अलगद निघाला.

ठेवायला झाकण घट्ट बसणारा साधा प्लॅस्टिकचा डबा, आत धुतलेलं सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. आकडा ५०च्या खाली ठेवायचा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवा किंवा बदला. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा. वर्तमानपत्र, फोम, नवं प्लायवूड नको. नव्या प्लायवूडला वास येतो ना, ती वाफ धातूला बाधते.

९. दसऱ्याची पूजा

घरातल्या वडीलधाऱ्यांशी खरी बोलाचाली इथेच होते. हळद-कुंकू, ओल्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि वरून पाण्याचा शिंतोडा, एवढं पात्यावर रात्रभर राहिलं की सकाळी नारिंगी डाग ठरलेला.

आम्ही तोड काढली ती अशी: पाटावर लाल कापड, त्यावर कट्यार कोरडी, मेण लावलेली. शेजारी तांदळावर सुपारी. हळद-कुंकू, अक्षता, पाणी सगळं सुपारीला. फूल म्यानावर, देठ पुसून. आरती झाली की पाचच मिनिटांत कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा डब्यात. भटजींनाही चाललं. "शस्त्राचं प्रतीक सुपारीत आहेच की," ते म्हणाले.

आजी आता नाही. गेल्या वर्षी पाट मांडताना आईने विचारलं, कुठली बाजू वर ठेवू? काळी, मी म्हटलं. तिने चष्मा लावला, वाकून मुळाशी वेल शोधली, आणि मगच फूल वाहिलं.